शिफारस : एक भाषिक कृती
(प्रौढ चित्रकथामालांच्या निमित्ताने)

प्रास्ताविक

मागील घटकात आपण ग्रंथपरीक्षणाच्या भाषेचा परिचय करून घेतला. परीक्षण लिहिणाऱ्याला त्याचा वाचक दिसत नसतो. तो अभ्यासक असेल, नवखा असेल, कदाचित पुस्तक कधीच हाती न घेणारा असेल. शिफारस करणाऱ्यासमोर मात्र एक विशिष्ट माणूस बसलेला असतो. 'तू हे वाचून बघ' हे वाक्य पुस्तकाविषयी जितके आहे, तितकेच त्या 'तू'विषयी आहे. ही साधी गोष्ट लक्षात न घेतल्यामुळे बहुतेक शिफारशी वाया जातात आणि क्वचित एखादी इजाही करते. प्रस्तुत घटकात शिफारशीच्या भाषेचा विचार करावयाचा आहे.

त्यासाठी मी प्रौढ वाचकांसाठीच्या इंग्रजी चित्रकथामालांचे क्षेत्र निवडले आहे. मराठीच्या अभ्यासक्रमात हे कशासाठी, असे तुम्हांला वाटेल. कारण व्यावहारिक आहे. कादंबरी सुचवताना तिचे नाव सांगितले की पुरते. चित्रकथामाला वर्षानुवर्षे चालते. तिचे लेखक आणि चित्रकार मध्येच बदलतात. अंकांचे क्रमांक आणि खंडांचे क्रमांक जुळत नाहीत. आणि 'चित्रांचे पुस्तक' म्हणून निर्धास्तपणे उघडलेल्या पानावर काय निघेल याचा नेम नसतो. त्यामुळे या मालांच्या चाहत्यांना शिफारस ही एक कला म्हणून घडवावी लागली. १९६० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील काही मासिकांनी वाचकांच्या पत्रांखाली त्यांचे पूर्ण पत्ते छापण्यास सुरुवात केली आणि चाहते परस्परांशी थेट पत्रव्यवहार करू लागले. १९६१ मध्ये जेरी बेल्स यांनी 'ऑल्टर इगो' हे हौशी नियतकालिक काढले. तेव्हापासून 'हे वाच, ते सोड, इथून सुरू कर' हा संवाद अखंड चालू आहे.

दोन शब्द

आरंभी 'कॉमिक्स' हा शब्द पाहू. मूळ इंग्रजीत तो अनेकवचनी आहे. मराठीत आपण तो नपुंसकलिंगी एकवचनी करून टाकला : 'मी एक कॉमिक्स वाचलं.' असे मराठीत होतेच, त्याचा खेद नको. परंतु एक गंमत ध्यानात घ्या. १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील बंडखोर चित्रकारांनी स्वतःचे काम वेगळे ओळखता यावे म्हणून या शब्दाच्या लेखनाचा शेवट बदलला. उच्चार तोच, लेखन निराळे. रॉबर्ट क्रम यांचे १९६८ चे 'झॅप' त्यातलेच. देवनागरीत लिहिताना ही सारी बंडखोरी नाहीशी होते, कारण आपण दोन्हींसाठी 'कॉमिक्स' असेच लिहितो. लिपी काय काय गिळून टाकते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

दुसरा शब्द अधिक महत्त्वाचा : 'प्रौढ'. 'प्र' आणि 'ऊढ' यांचा हा संधी. 'ऊढ' म्हणजे वाहून नेलेला. 'वह्' धातूचे हे रूप आहे. नेहमीच्या नियमाने 'प्रोढ' व्हावयास हवे होते. तेथे वृद्धी होऊन 'प्रौढ' झाले, हा संस्कृत व्याकरणाने नोंदवलेला अपवाद आहे. वाढीच्या प्रवाहात पुढे आलेला, पूर्ण वाढलेला तो प्रौढ. मराठीत मात्र या शब्दाला तीन वाटा फुटल्या. 'प्रौढ शिक्षण' म्हणताना आपण केवळ वय मोजतो. 'प्रौढ भाषाशैली' म्हणताना परिपक्वता अभिप्रेत असते. आणि चित्रपटाच्या फलकावर 'फक्त प्रौढांसाठी' असे वाचले की आपण इकडेतिकडे पाहतो. तुमच्या मित्राने एखादी चित्रकथा 'प्रौढांसाठीची आहे' म्हणून सुचवली, तर यांतील कोणता अर्थ तुम्ही घेणार? शिफारशीतील पहिला गोंधळ येथे उद्भवतो.

चौथी वाटही आहे; ती नामातून जाते. 'प्रौढी मिरवणे', 'आत्मप्रौढी' हे प्रयोग तुमच्या परिचयाचे आहेत. चाहत्यांच्या शिफारशी प्रौढ साहित्याकडून प्रौढीकडे फार लवकर घसरतात. त्याचा विचार पुढे करू.

हा गोंधळ केवळ मराठीतला नव्हे. १९५४ मध्ये मानसोपचारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्थम यांच्या पुस्तकाने अमेरिकेत चित्रकथांविरुद्ध वादळ उठवले. त्याच वर्षी प्रकाशकांनी स्वतःवर आचारसंहिता लादून घेतली आणि मुखपृष्ठावर मंजुरीचा शिक्का येऊ लागला. शिक्का नसलेला अंक बहुतेक विक्रेते ठेवीत नसत. परिणामी सर्व चित्रकथा मुलांसाठीच असतात, हे गृहीतक जणू कायदा बनले. १९७० च्या दशकात केवळ चित्रकथा विकणारी दुकाने वाढली. त्यांना शिक्क्याची गरज नव्हती. १९८४ मध्ये 'स्वॅम्प थिंग' या मालेचा २९ वा अंक शिक्क्याविना निघाला, तेव्हा एका मोठ्या प्रकाशकाने ही चौकट ओलांडली. पुढे काही मालांच्या मुखपृष्ठांवर 'परिपक्व वाचकांसाठी सुचवलेले' अशा आशयाची ओळ दिसू लागली. त्या ओळीतील 'सुचवलेले' हे क्रियापद पाहा. मनाई करणाऱ्या शिक्क्याच्या जागी शिफारस आली होती. सुचवण्याचे हे काम चाहते एकमेकांसाठी केव्हापासूनच करीत होते.

शिफारशीचे व्याकरण

'शिफारस' हा शब्द फारसीतून आला आणि आपल्याकडे कचेरीत स्थिरावला. शिफारसपत्र म्हटले की त्याच्या मागे वशिला आलाच. मित्रामित्रांतील व्यवहारासाठी मराठीचे 'सुचवणे' हे क्रियापद मला अधिक योग्य वाटते. 'सुचणे'चे हे प्रयोजक रूप. सुचणे ही आपोआप घडणारी गोष्ट. ती दुसऱ्याच्या मनात घडवून आणणे म्हणजे सुचवणे. सक्तीला येथे जागा नाही.

आता पुढील वाक्ये मोठ्याने म्हणून पाहा. पुस्तक एकच आहे : ॲलन मूर आणि डेव्ह गिबन्स यांची १९८६-८७ मध्ये बारा अंकांत प्रसिद्ध झालेली 'वॉचमेन'.

वॉचमेन वाच.
वॉचमेन वाचून बघ.
वॉचमेन वाचावी.
तू वॉचमेन वाचलीच पाहिजेस.
वॉचमेन वाचली नसशील, तर चित्रकथांबद्दल बोलूच नकोस.

पहिले आज्ञार्थी, तरी मित्राच्या तोंडी सौम्य. दुसऱ्यात 'बघणे' हे सहायक क्रियापद स्वतःचा मूळ अर्थ सोडून आजमावण्याचा अर्थ आणते. 'नाही आवडली तर ठेवून दे' हे न उच्चारलेले वाक्य त्यात सामावलेले असते. मराठीने आपल्याला दिलेली ही फार मोठी सोय आहे. तिसरे विध्यर्थी. त्यात कर्ता नाही, म्हणून समोरचा माणूसही नाही. ते परीक्षणात शोभते. चौथ्यातील 'च' हे अव्यय एका अक्षराने कर्तव्याचे ओझे लादते. पाचवे वाक्य शिफारशीचे सोंग घेतलेली आत्मप्रौढी आहे. त्यातून वॉचमेनविषयी काहीही कळत नाही. बोलणाऱ्याविषयी सर्व काही कळते. चाहत्यांच्या गप्पांत हे वाक्य वारंवार ऐकू येते, आणि एखादी होतकरू वाचक त्यामुळे कायमची परत फिरते.

'पण' या न्यूनत्वबोधक उभयान्वयी अव्ययाकडेही लक्ष द्या. 'ही माला सुंदर आहे, पण पहिले अंक संथ आहेत' आणि 'पहिले अंक संथ आहेत, पण ही माला सुंदर आहे'. दोन्ही वाक्यांत माहिती तीच. तरीही पहिले ऐकून माणूस पुस्तक ठेवून देतो आणि दुसरे ऐकून उघडतो. मराठीत 'पण'नंतर येणाऱ्या विधानाकडे वजन झुकते. उणीव लपवण्याची गरज नाही. ती कोणत्या बाजूला ठेवावी एवढेच ठरवायचे असते.

आणि सर्वांत उपयुक्त रचना म्हणजे 'जो–तो' या संबंधी सर्वनामांची. 'ज्याला एका पानावर रेंगाळायला आवडतं, त्याने वॉचमेन घ्यावी; ज्याला गोष्ट झरझर पुढे जायला हवी असते, त्याने आधी दुसरं काही घ्यावं.' या वाक्यात स्तुतीचे एकही विशेषण नाही. 'भन्नाट', 'अप्रतिम', 'जबरदस्त' यांपैकी काही नाही. तरीही ऐकणाऱ्याला स्वतःची जागा सापडते. सर्ल यांनी भाषिक कृतींच्या विवेचनात सल्ला आणि विनंती यांत भेद केला आहे. विनंती माझ्यासाठी असते. सल्ला देताना तुझ्यासाठी काय हिताचे ते मी सांगत असतो. 'जो–तो' रचना बोलणाऱ्याला हे हित शोधायला भाग पाडते.

स्वयं-अध्ययन प्रश्न : 'तू हे वाचून बघ' आणि 'तू हे वाचून टाक' या वाक्यांतील सहायक क्रियापदांमुळे शिफारशीच्या अर्थात कोणता फरक पडतो?

कोठून आरंभ करावा

मालेची शिफारस करताना आरंभबिंदू सांगणे अनिवार्य असते. 'पहिल्या अंकापासून' हे उत्तर सरळ वाटते. पुष्कळदा ते चुकीचे असते. 'स्वॅम्प थिंग'चेच घ्या. ॲलन मूर या मालेत विसाव्या अंकापासून आले, तोवर ती दुसरे लेखक लिहीत होते. विसाव्या अंकात मूर यांनी आधीच्या कथेचे धागे आवरले आणि एकविसाव्यात नायकाची ओळखच मुळापासून बदलून टाकली. सुरुवातीच्या संकलित आवृत्तीने विसावा अंक वगळून एकविसाव्यापासून प्रारंभ केला. नंतरच्या आवृत्तीत विसावा आला. त्यामुळे जुने वाचक एक सांगतात, नवे दुसरे. माझे मत एकविसाव्याच्या बाजूने आहे. त्या अंकात काय उलगडते ते मी येथे लिहिणार नाही. लिहिले, तर हाच परिच्छेद वाईट शिफारशीचा नमुना ठरेल.

'लव्ह अँड रॉकेट्स'चे प्रकरण याहून गुंतागुंतीचे आणि मला अधिक प्रिय आहे. हर्नांडेझ बंधूंनी ही माला १९८१ मध्ये स्वतः छापून सुरू केली. हायमे यांच्या आरंभीच्या कथांत मॅगी ही तरुणी यंत्रदुरुस्तीचे काम करते आणि आजूबाजूला अग्निबाण असतात, डायनॉसॉरही असतो. मग हळूहळू अग्निबाण मागे पडतात आणि कॅलिफोर्नियातील मेक्सिकन वस्तीतील मैत्रिणी, त्यांचे प्रेम, भाडे, वाढणारे वजन, जुनी भांडणे एवढेच उरते. गिल्बर्ट यांनी पॅलोमार नावाचे एक काल्पनिक गाव पिढ्यान्‌पिढ्या रंगवले. मुख्य म्हणजे यातील माणसे वाचकाबरोबर वयाने वाढतात. वेताळ आमच्या बालपणी जसा होता तसाच राहिला. मॅगी मात्र माझ्याच वेगाने चाळिशी ओलांडून गेली. 'प्रौढ' या शब्दाचा व्युत्पत्तीला धरून असलेला अर्थ मला येथे भेटला. आता ही माला नावावरून विज्ञानकथा समजून कोणी हाती घेतली, तर तो निराश होणार. आणि पहिला खंड वाचून 'हे पोरकट आहे' म्हणून सोडली, तर त्याचे मोठे नुकसान होणार. म्हणून काही जाणकार नवख्याच्या हाती आधी दुसरा खंड देतात आणि मॅगीवर जीव जडल्यावर पहिल्याकडे वळवतात. क्रम मोडण्याचा हा सल्ला देण्यासाठी माला पूर्ण वाचलेली असावी लागते, आणि समोरचा माणूसही थोडाफार वाचलेला असावा लागतो.

चित्राविषयी बोलणे

बहुसंख्य शिफारशी कथानक सांगून थांबतात. चित्रकथेच्या बाबतीत हे म्हणजे नाटकाचे केवळ कथासूत्र सांगून प्रयोगाविषयी गप्प बसणे झाले. वॉचमेनचे पान मुळात नऊ समान चौकटींचे आहे; घड्याळाच्या ठोक्यासारखी ती लय एकदा कानात बसली की एखादी चौकट मोठी होते तेव्हा दचकायला होते. तिच्या पहिल्या अकरा प्रकरणांच्या शेवटी गद्य मजकूर आहे. उतावळे वाचक तो सोडून देतात. 'तो सोडू नकोस' हे शिफारस करणाऱ्यानेच सांगायचे असते.

भाषेच्या विद्यार्थ्यांना मी याच संदर्भात 'भीमायन' हे २०११ मधील एक स्वतंत्र पुस्तक आवर्जून दाखवते. ही माला नव्हे, परंतु संवादाचे चित्रण याहून चांगले मी पाहिलेले नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या आयुष्यातील प्रसंग दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी रेखाटले आहेत. लेखन श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचे. साताऱ्याहून वडिलांना भेटण्यासाठी गोरेगावला निघालेल्या भावंडांची बैलगाडी, बडोद्यातील वसतिगृह, महाडचे तळे हे सारे आपल्या ओळखीचे आहे. मात्र यात नेहमीच्या चौकटी नाहीत. गोंड भित्तिचित्रांतील नक्षीच पानाचे भाग पाडते. बोलण्याचे फुगे दोन प्रकारचे आहेत. साध्या, निर्विष बोलण्याला पक्ष्याचा आकार. ज्या बोलण्यात जातीचा विखार आहे, त्याला विंचवाची नांगी. शब्द काय म्हणतात आणि ते उच्चारून काय केले जाते, हा ऑस्टिन यांनी सांगितलेला भेद या चित्रकारांनी एका नांगीत दाखवला. हे पुस्तक 'आंबेडकरांचे चरित्र' म्हणून सुचवले, तर मिळणारे उत्तर ठरलेले असते : 'चरित्र वाचलं आहे मी.' 'यात बोलण्याला नांगी आहे, ती बघ' असे म्हटले की हात पुढे येतो.

न सांगितलेली गोष्ट

आता मी स्वतः केलेल्या एका शिफारशीकडे वळते. आर्ट स्पीगेलमन यांची 'माउस' १९८० पासून 'रॉ' या नियतकालिकात क्रमशः येत होती. तिचे दोन खंड १९८६ आणि १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले आणि १९९२ मध्ये तिला विशेष पुलित्झर पुरस्कार मिळाला. नाझी छळछावणीतून वाचलेले वडील व्लाडेक आपली हकिकत मुलाला सांगतात. ज्यू उंदरांच्या रूपात, जर्मन मांजरांच्या रूपात. न्यूयॉर्कमध्ये म्हाताऱ्या व्लाडेकचे इंग्रजी मोडके आहे. त्यांच्या तरुणपणातील पोलंडच्या प्रसंगांत ते आपल्या भाषेत बोलतात, म्हणून तेथे त्यांचे बोलणे अस्खलित दाखवले आहे. स्थलांतराने माणसाच्या भाषेचे काय होते, हे वर्गात शिकवायला याहून चांगले उदाहरण नाही. याच आनंदात मी एका विद्यार्थिनीला पुस्तक दिले आणि म्हटले, 'वाचच. भाषेसाठी वाच.'

पहिल्या खंडाच्या मध्यावर चार पानांची एक जुनी चित्रकथा जशीच्या तशी घातलेली आहे. तीत उंदीर नाहीत, माणसांचे चेहरे आहेत. स्पीगेलमन यांच्या आईने १९६८ मध्ये आत्महत्या केली, त्यानंतरच्या दिवसांची ती कथा आहे. तोवर मुखवट्यांची सवय झालेल्या वाचकासमोर एकाएकी उघडे चेहरे येतात. कलेच्या दृष्टीने ती पाने अत्यंत समर्थ आहेत. माझ्या विद्यार्थिनीच्या घरात वर्षभरापूर्वी अशीच घटना घडली होती. ते मला माहीत नव्हते, आणि ते जाणून घेण्याचा प्रयत्नही मी केला नव्हता.

तिने पुस्तक वर्तमानपत्रात नीट गुंडाळून परत आणले. म्हणाली, 'मॅडम, तुम्ही हे आधी वाचलं होतं ना?'

या प्रश्नात तक्रार नव्हती. तिला खरोखरच उत्तर हवे होते. मी 'हो' म्हणाले. त्यावर ती काही बोलली नाही. दोन आठवड्यांनी तिने दुसरा खंड मागितला आणि विचारले, 'यातही तसं काही आहे का? असलं तर कितव्या पानावर, तेवढं सांगा. मी वाचीन, पण बसून वाचीन.'

शिफारशीविषयी मी जे काही शिकले, त्यातील मोठा भाग या वाक्यातून आला आहे. पूर्वसूचना दिल्याने कथेतील रहस्य फुटते, असे अनेक चाहते मानतात. दोन्ही गोष्टी एक नव्हेत. 'यात एका आईच्या आत्महत्येची चार पाने आहेत' असे सांगितल्याने माउसमधील काहीही उणे होत नाही. 'वॉचमेनच्या दुसऱ्या प्रकरणात स्त्रीवरील अत्याचाराचा आणि सहाव्यात एका लहान मुलीच्या हत्येचा प्रसंग आहे' हे सांगणे म्हणजे कथानक सांगणे नव्हे. पूर्वसूचना आणि बंदी यांतही फरक आहे. जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेतील टेनेसी राज्याच्या एका परगण्यातील शिक्षण मंडळाने माउस अभ्यासक्रमातून काढून टाकली. त्या मंडळाने 'तुम्ही वाचू नका' असे सांगितले. माझी विद्यार्थिनी 'मी बसून वाचीन' असे म्हणत होती. तिला पुस्तक टाळायचे नव्हते. कधी आणि कोठे वाचायचे ते स्वतः ठरवायचे होते.

तिने दुसरा खंड महिनाभर ठेवला. परत करताना त्यात पेन्सिलीने केलेल्या खुणा होत्या. व्लाडेकच्या मोडक्या वाक्यांखाली तिने मराठीत पर्याय लिहून पाहिले होते. काही अजिबात जमले नव्हते, दोन-तीन उत्तम होते. मी त्या खुणा पुसलेल्या नाहीत.

स्वाध्याय

१. तुमच्या परिचयातील एका विशिष्ट व्यक्तीला डोळ्यांसमोर ठेवून तुम्ही वाचलेल्या कोणत्याही चित्रकथेची, कादंबरीची किंवा नाटकाची शिफारस १५० शब्दांत लिहा. स्तुतिवाचक विशेषण वापरू नका. 'जो–तो' रचनेचे किमान एक वाक्य असावे.

२. तीच शिफारस दुसऱ्या व्यक्तीसाठी पुन्हा लिहा. कोणती वाक्ये बदलावी लागली आणि का, ते नोंदवा.

३. 'वाचच. भाषेसाठी वाच.' हे प्रस्तुत लेखिकेचे वाक्य, त्या विद्यार्थिनीला उद्देशून, दुरुस्त करून लिहा.